बघून सांग

ठकूआत्या कधी डोंगराला पाठ करून बसली नाही. वाडीतल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम काढा. सगळ्या बाया फोटोवाल्याकडं बघताहेत आणि एकटी ठकूआत्या मान वळवून भलतीकडंच बघतेय. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारी रुसलीय. रुसली नव्हती. मांडवाच्या त्या अंगाला डोंगर होता.

जेवायला बसली तरी तोंड डोंगराकडं. ओढ्याच्या वाटेनं जाताना डोंगर पाठीमागं पडायचा, मग दर दहा-वीस पावलांवर थांबून मागं बघायची. लहानपणी मी एकदा विचारलं, "आत्या, तो काय पळून जाणाराय का?"

"पळून गेला तर बरंच की," ती म्हणाली. "यील, ह्याचं भ्या वाटतं."

मी हसले. त्या रात्री मात्र आईला चिकटून झोपले.

आमची वाडी वेल्ह्याहून पासलीकडं जाणारा रस्ता सोडून आत, ओढ्याच्या पलीकडं. चौदा घरं. घरांच्या मागं भाताची खाचरं, खाचरांच्या मागं चढावर रान, आणि रानाच्या मागं उभा कडा. ठकूआत्या हे बोटांवर करून दाखवायची. तीन बोटं उभी धरायची. पहिलं कडा, मधलं रान, तिसरं आपण. मग मधलं बोट मुडपायची आणि राहिलेली दोन एकमेकांवर आपटायची. "कळलं?" नव्या सुनेला, पाव्हण्याला, शाळेच्या गुरुजींना, सगळ्यांना तिनं हे करून दाखवलं. पुण्याहून एक एजंट आला होता, पानशेतकडं बंगले झाले तसे इथंही कड्याखाली बंगले काढायचे म्हणून. 'व्ह्यू' कसला भारी आहे, म्हणाला. त्यालाही तिनं बोटं दाखवली. "घ्या की जागा. पर आदी आखाडाचा एक म्हैना आमच्यात ऱ्हावा. मंग काय घ्यायचं ती घ्या." तो चहा न पिताच गेला.

मी प्रज्ञा. वाडीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. आमच्या अण्णांना सही येते, आईला तीही येत नाही, आणि मी भोरच्या कॉलेजात मावशीकडं राहून बी.ए. केलं, भूगोल घेऊन. आज भोरमध्येच शाळेत शिकवते. पुस्तकात एक ओळ आहे, वनस्पतींची मुळे माती धरून ठेवतात. पोरं ती पाठ करतात आणि एक मार्क घेतात. ती ओळ फळ्यावर लिहिताना माझा हात थांबतो, आणि मला ठकूआत्याची तीन बोटं दिसतात.

माझ्या जन्माआधी ते रान एकदा कोळशाच्या भट्ट्यांत गेलं होतं. झाडं गेली तसा दोन वर्षांत झरा आटला, आणि एका पावसाळ्यात वरून धोंडे गडगडत खाचरांत आले. तेव्हा सगळी वाडी बसली आणि ठरलं, वाघजाईच्या दगडाच्या वर कोयता न्यायचा नाही. हा दगड रानाच्या खालच्या कडेला आहे, शेंदूर लावलेला. ठरवलं सगळ्यांनी. राखलं ठकूआत्यानं. तेव्हा ती नुकती विधवा झालेली, पदरात मूल नाही. तिनं रानच पदरात घेतलं म्हणायला हरकत नाही, पण तिला असं बोललेलं आवडलं नसतं. "माया-बिया काय न्हाई गं," ती म्हणायची. "मला भ्या वाटतं म्हून राखती."

आमचं घर बौद्ध. वाघजाईला आमच्यातलं कुणी नारळ फोडत नाही. रानाच्या पहिल्या बैठकीत अण्णा लांब उभे होते, तर ठकूआत्यानं हाक मारून त्यांना शेजारी बसवून घेतलं. कुणीतरी कुजबुजलं. ती मोठ्यानं म्हणाली, "दरड काय जात इचारून येनार हाय का?" अण्णा ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी तेवढ्याच मोठ्यानं.

तिचे नियम बैठकीत ठरायचे, पण डोकं तिचं असायचं. माघात सगळ्या घरांनी डोंगर झाडायचा. हो, झाडायचा, खराट्यानं. रानाच्या कडेनं आठ-दहा हात रुंद पट्टा पार स्वच्छ करायचा, वाळकं पान ठेवायचं नाही, म्हणजे खालून आग आली तर तिथं थांबते. वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं. आम्ही म्हणायचो, ठकूआत्याचं अंगण. शेजारच्या गावातले लोक चिडवायचे, "काय ओ, रांगोळी कवा घालनार?"

दुसरा नियम राबाचा. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, वाळक्या डहाळ्या पसरून भाजतात, त्याला आमच्याकडं राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप जोम धरत नाही. पण राब भाजायचा उन्हाळ्यात, आणि खाचरं रानाला लागून. म्हणून ठकूआत्याला विचारल्याशिवाय कुणी काडी ओढायची नाही. ती बांधावर यायची, पदराच्या गाठीतून सावरीचा कापूस काढायची. सावरीची बोंडं फुटली, की ती वर्षाचा कापूस गोळा करून ठेवायची. रेशमासारखा, फुंकरीनंही उडणारा. त्यातली चिमूटभर हवेत सोडायची आणि नजरेनं पाठलाग करायची. कापूस खाली गावाकडं गेला तर, "पेटवा." वर रानाकडं गेला तर गाठ परत बांधायची आणि काही न बोलता निघून जायची. मागून कुणी कितीही विनवण्या करो.

आणि तिसरी ती परात. पितळेची, तिच्या दाराशेजारी खुंटीला. तिच्यात कधी पीठ मळलं गेलं नाही. परात वाजली, की हातातलं टाकून यायचं. चुलीवर दूध असलं तर उतू जाऊ द्यायचं. जेवत असलात तर खरकट्या हातानं. घाबरट म्हणून सगळी वाडी तिला हसायची, पण ती उगाच परात वाजवायची नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. मी ग्रॅज्युएट होईपर्यंत ती वाजलेली मी ऐकली नव्हती.

तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, बघून सांग. झऱ्याला पाणी किती? बघून सांग. जाळरेषेवर पान पडलंय का? बघून सांग. "असेल की आत्या," म्हटलं, की ती अशी बघायची जणू आपण तिच्या ताटात थुंकलो. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं माहेर भोरकडचं, हिरडस मावळातलं, लहानपणी तिथं दरड आली आणि तिची आई गेली, एवढंच सगळ्यांना माहीत. पुढचं ती सांगायची नाही.

रानाचा सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरलं तेव्हा अर्ज मी लिहिला. माझ्या अक्षरात, बारा पानं, एक खाडाखोड नाही. तो घेऊन आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं हे रान राखलं, याला पुरावा काय?"

मी नकाशाचं पान काढत होते. ठकूआत्या म्हणाली, "रान हाय ना अजून? का त्येलाबी शिक्का लागतो?"

साहेब हसले, पण अर्ज घेतला. परत येताना एस्टीत ती म्हणाली, "तू लई झाक लिवलंस म्हनं. पर त्यो नकाशा तू रानात जाऊन काढलास का घरी बसून?"

मी मोबाईलवरून काढला होता.

त्याच सुमारास तिचं काहीतरी बिनसलं होतं, आज मला कळतं. ती मला पावलांवरून ओळखायची. एकदा मी चप्पल बदलून गेले तर म्हणाली, "कोन, किसनाची बायकू का?" म्हणजे मला आई समजली. पायरी उतरताना आधी पायानं चाचपायची. आम्हाला वाटलं, वय झालं. डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा गेली नाही. "डोळा काढून हातात दिल्यावर काय करू?" असं म्हणून सगळ्यांना हसवलं, आणि विषय तिथंच मिटला.

मग ते वर्ष आलं. माझा निकाल लागला होता आणि मी नोकरीच्या मुलाखतीच्या निरोपाची वाट बघत होते. वाडीत मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, आमच्या वरच्या खाचराच्या बांधावर. म्हणून त्या सकाळी अण्णांचा राब भाजायचा होता तेव्हा मी तिथं होते. मदतीला नव्हे, रेंजला.

ऊन वर आलं होतं. बाकीच्यांचे राब उजाडतानाच भाजून झाले होते, आमचाच मागं राहिला होता. अण्णा काडेपेटी घेऊन उभे. ठकूआत्या आली, गाठ सोडली, कापूस काढला. माझ्या शेजारीच उभी होती. तिनं चिमूट सोडली आणि मान वर केली. मग हळू आवाजात, अण्णांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "प्रज्ञे, कुठं गेला गं? बघून सांग."

माझी नजर मोबाईलवर होती. मोबाईल म्हणत होता, वारा मंद. आणि खरं सांगायचं तर तो कापूस मला तेव्हा अडाणीपणा वाटायचा. मी मान न उचलता म्हणाले, "खाली."

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "पेटव किसना."

राब पहिल्यांदा नीट जळला. मग बांधावरून झुळूक आली, खालून वर. एक जळकं पान उठलं. तळहाताएवढं, कडा लाल. ते जाळरेषेवरून असं सावकाश गेलं, की मला वाटलं धावत जाऊन हातात धरावं. माघात झाडलेला पट्टा, वैशाखापर्यंत त्यावर नवी पानं पडलेली. पान पलीकडं गवतात उतरलं. आधी धूरही दिसला नाही. मग एकदम आवाज आला, कोरं कापड फाडल्यासारखा.

अण्णा ओरडले. ठकूआत्याला काही दिसत नव्हतं, पण तो आवाज तिला आमच्याआधी कळला. ती घराकडं धावली. सत्तरी ओलांडलेली बाई, बांधावरून पडली, उठली, पुन्हा धावली. आणि परात वाजली.

मी ती पहिल्यांदा ऐकली. मंदिराची घंटा वाजते तशी नाही. कुणीतरी मार खातंय तशी. चौदा घरांतून माणसं आली. एकीच्या तोंडाला पीठ, एक म्हातारा एका गालाला साबण लावलेला. ओल्या डहाळ्या घेऊन आम्ही आग झोडपत होतो. धूर इतका, की शेजारी कोण आहे ते खोकण्यावरून कळत होतं. खाली ठकूआत्या परात वाजवतच होती, थांबत नव्हती. वरच्या वाऱ्यात आग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना मी बघितली आणि खाली बसले. आईनं मला दंडाला धरून ओढत मागं आणलं. दुपार कलल्यावर आग कड्याला टेकली आणि खायला काही उरलं नाही म्हणून विझली. मधलं जुनं रान, देवीच्या दगडामागचं, वाचलं. त्याच्या डाव्या अंगाचा पट्टा, आमच्या खाचरापासून कड्यापर्यंत, काळा झाला.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. नियम साधा होता, ज्याच्या हातून रानाला आग लागेल त्यानं वर्षभर वाघजाईचा दगड ओलांडायचा नाही. सरपण नाही, हिरडा नाही, करवंदं नाहीत. आणि वर्षभर सगळ्यांच्या नजरा. राब आमचा, काडी अण्णांची. अण्णा मान खाली घालून बसले होते. गणपत पाटील, बैठकीत तेच मोठे, घसा खाकरून म्हणाले, "किसन, आता..."

"त्येला काय इचारता?" ठकूआत्या म्हणाली. "काडी कुनाची ही इचारू नका. 'पेटव' कोन म्हनलं ती इचारा. म्या म्हनले. म्या दगड वलांडनार न्हाई."

"आवं ठकूबाई, तुमीच न्हाई गेला तर रान बघनार कोन?"

"नियम कुनी केला व्हता?"

पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी तिथं होते. आता उठून बोलेन, मग बोलेन, असं करत बैठक उठली.

पुढं पाऊस लागला. मला मुलाखतीचा निरोप आला नाही, म्हणून मी वाडीतच होते. ठकूआत्या रोज दगडापर्यंत जायची आणि तिथं उभी राहायची. इरलं पांघरून, अंगणातलं जनावर दाव्याला ताण देऊन उभं राहावं तशी. एक पाऊलही पलीकडं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, वर काय हाय? लोक सांगायचे, काही नाही ओ, हिरवं यायला लागलंय. पण गुरं वळायला गेलेल्या एकीनं सांगितलं, जळक्या पट्ट्याच्या वर, कड्याच्या पायाशी, जमिनीला चीर पडलीय. केसाएवढी.

त्या दिवसापासून ठकूआत्याचं जेवण सुटलं. ती आमच्या दारात आली. घरात आली नाही, पागोळ्यांखालीच उभी राहिली. म्हणाली, "प्रज्ञे, मला वर जाता येत न्हाई. तू जा. दोन खुंट्या घे. चिरीच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक ठोक. दोन खुंट्यांच्या मधी बोटं घाल आन मोज. रोज."

अण्णा म्हणाले, "ठकूबाई, पोरगी..."

"पोरगीच जाईल," ती म्हणाली.

मी रोज जाऊ लागले. जळक्या पट्ट्यातून चढताना पायाखालची माती साबणासारखी. उभी वाळलेली काळी झाडं, त्यांना धरायचंही भय. पहिल्या दिवशी खुंट्यांच्या मधे एक बोट बसलं. चौथ्या दिवशी दोन. खाली दगडाशी ती उभी असायची, मी आकडा सांगायची, ती मान हलवायची. मी तालुक्याला चिरीबद्दल अर्ज लिहून पाठवला, पोचही मिळाली. माणूस येऊन पाहणी करेल, असं कळलं. पाऊस थांबत नव्हता.

नवव्या दिवशी तीन बोटं. मी खाली आले. झऱ्याचं पाणी त्या सकाळी तांबडं आलं होतं. दगडाच्या पलीकडं ती, अलीकडं मी. "किती?" तिनं विचारलं.

"तीन."

आणि मग मला काय झालं माहीत नाही, मी रडायला लागले. म्हणाले, "आत्या, त्या दिवशी मी कापूस बघितला नव्हता. न बघताच खाली म्हणाले."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"लगीच सांगितलंस. कापूस येवढ्या लगीच कुठंच जात न्हाई." इरल्यातून पाणी गळत होतं. तिचे डोळे मी पहिल्यांदा जवळून बघितले, दुधाळ. "म्या परत इचारलं आस्तं तर किसनाला कळलं आस्तं, म्हातारीला दिसत न्हाई. मंग कापूस दुसऱ्याच्या हातात गेला आस्ता. ह्या भ्यानं म्या 'पेटव' म्हनले. तू एक चुकलीस, म्या दोन."

ती कड्याकडं तोंड करून म्हणाली, "दहा वर्साची आसंन. आसाच पाऊस. बा म्हनला, ठके, मागचा झरा बघून सांग, गढूळ आला का. म्या गेलेच न्हाई. दारातनंच म्हनलं, चांगला हाय. आई गोठ्यात धार काढत व्हती."

एवढंच. पुढचं ती तेव्हाही बोलली नाही.

मला आठवलं, मी तीन म्हणाले तेही किती लगेच म्हणाले. बोटं नीट घातली होती का? खुंटी हलली नसेल ना? मी म्हणाले, "थांब आत्या. परत बघून येते."

"जा," ती म्हणाली. "उभी ऱ्हाऊ नको जास्त. बघ आन ये."

मी पुन्हा चढले. त्या चढावर मला माझ्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं, आणि हेच वाईट होतं. पाखरू नाही, बेडूक नाही. खुंट्यांपाशी गेले. तीन बोटं घातली. सैल होती. चौथं घातलं. तेही बसलं. तासाभरात एक बोट. मी हात काढताना चिरीच्या आतून गार वारा आला, कुणी आत श्वास सोडावा तसा.

मी उतरले नाही, घसरत आले. "चार," मी म्हणाले. "दोनदा मोजलं. चारच."

तिनं मला पुढं काही विचारलं नाही. वळली. परात वाजली.

ओढ्यापलीकडं शाळा आहे, तिकडं जायचं तिचं म्हणणं. लोक दारात आले पण निघेनात. पावसात लेकरं, म्हातारी, गुरं घेऊन जायचं म्हणजे काय. गणपत पाटील म्हणाले, "ठकूबाई, तुमी सोता बघितलं का?"

"न्हाई. हिनं बघितलं."

"हिनं? कशात, मोबाईलात?" दोघे-तिघे हसले.

"हिनं बघून सांगितलंय," ठकूआत्या म्हणाली. मग आवाज न चढवता, "पाटील, कपाळ लावती तुमच्या पायाला. चला."

ती कुणाच्या पाया पडणारी बाई नव्हती. हसू थांबलं. पहिल्यांदा पाटलांनीच म्हैस सोडली. ओढा मांडीपर्यंत होता. आम्ही दोर धरून पार झालो. सगळ्यांच्या शेवटी ठकूआत्या, डोक्यावर परात पालथी, आणि ती ओढ्यातून उलटी चालत आली. तोंड डोंगराकडं. अण्णांनी तिला मागून पाठीला धरून आणलं.

शाळेत दोन दिवस काढले. कुरकुर सुरू झाली. घरात पाणी गळत असेल, कोंबड्या उपाशी असतील. काहीजण परत निघाले होते. ठकूआत्या दारात बसली होती, वाट अडवून, आणि मी तिच्या शेजारी. मला कशाची भीती जास्त वाटत होती, सांगते. डोंगर येईल याची, आणि येणार नाही याचीही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. आवाज आधी खालून आल्यासारखा वाटला, जमिनीतून. फळ्यावरचा खडू पडला. मग जळका पट्टा सगळा, झाडांसकट, उभाच्या उभा चालायला लागला. झाडं पडली नाहीत, उभी राहूनच खाली आली. ते मला अजून स्वप्नात दिसतं. डावीकडची पाच घरं गेली. आमचं गेलं, तिचं गेलं. चिखलाची जीभ मधल्या जुन्या रानापाशी येऊन फुटली आणि बाजूनं वळली. त्या रानाखालची नऊ घरं उभी राहिली. माणूस एकही गेला नाही. शाळेत कुणी रडलं नाही. सगळे आपापली लेकरं मोजत होते, पुन्हा पुन्हा.

ठकूआत्या विचारत होती, "काय झालं? बघून सांगा कुनी." आणि कुणी सांगेना. शेवटी पाटील म्हणाले, "थोडंसं गेलंय, ठकूबाई. लई न्हाई." तिला सगळे असंच सांगत राहिले. आगीमुळंच दरड आली का, हे मी भूगोलाची असूनही ठामपणे सांगू शकत नाही. पण कुठं फुटली आणि कुठं वळली, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

शाळेजवळ पत्र्याच्या शेड मिळाल्या. मला भोरला नोकरी लागली. पुढच्या हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर होतं, मी तिला घेऊन गेले. या वेळी ती एका शब्दानं आडवी आली नाही. पट्टी सुटली, काळा चष्मा मिळाला. शेडपाशी तिला आणून मी बाजेवर बसवलं. ती डोंगराकडं बघत राहिली. लाल उघडी जखम, कड्यापासून ओढ्यापर्यंत.

मग म्हणाली, "येवढं?"

मी म्हणाले, "व्हय. येवढं."

तिनं माझा हात घट्ट धरला.

पावसाच्या तोंडाला दोन दिवसांच्या तापानं ती गेली. मी परीक्षेच्या कामात, मला उशिरा कळलं. म्हणून माझ्याजवळ शेवटची ठकूआत्या आहे ती त्याआधीच्या वैशाखातली. मी सुट्टी संपवून भोरला निघाले होते, एस्टी फाट्यावर उभी होती, मी खिडकीत. समोर, रस्त्याला लागूनच्या खाचराच्या बांधावर पाटलांच्या सुना राब पसरून उभ्या होत्या, हातात काडेपेटी. ठकूआत्या आली. काळा चष्मा, तोंड डोंगराकडं. पदराची गाठ सोडली. चिमूट सोडली.

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून बाहेर वाकले. कापूस आधी जागीच फिरला, खाली गेल्यासारखा झाला, थांबला. ती मान वर करून बघत होती. मीही बघत होते. मग तो हळूहळू वळला आणि रानाकडं, वर जायला लागला.

तिनं गाठ परत बांधली.